पाऊस मोजला, पण वही कुठंय? सुपा, सिटिझन सायन्स आणि कॉलेजची लायब्ररी

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अं' आणि मागून वाजलेला एसटीचा हॉर्न काढून टाकलाय. बाकी जसं बोललोय तसंच ठेवलंय.)

आज आपण बोलणार आहोत पावसाबद्दल, पक्ष्यांबद्दल, बाभळीबद्दल आणि लायब्ररीबद्दल. शेवटचा शब्द ऐकून लगेच स्किप करू नका. थांबा जरा.

पुण्याहून नगरकडे निघालं, शिरूरला घोड नदी ओलांडली, की नगर जिल्हा सुरू होतो. आता कागदोपत्री अहिल्यानगर. थोडं पुढे गेलं की सुपा. डोंगरावर पवनचक्क्या, रस्त्याला लागून एमआयडीसी, आणि या सगळ्याच्या आजूबाजूला माळ. पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा पारनेर तालुका. इथं पाऊस हा गप्पांचा विषय नाही, हिशेबाचा विषय आहे.

तो हिशेब कसा चालतो ते आधी बघू. सुपा हे पारनेर तालुक्यातलं एक महसूल मंडळ. मंडळ म्हणजे बऱ्याच गावांचा मिळून एक गट. राज्य सरकारच्या 'महावेध' प्रकल्पात साधारण मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र बसवलंय. त्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की मंडळात 'अतिवृष्टी' झाली असं धरतात. पंचनामे, भरपाई, हवामानावर आधारलेला फळपीक विमा, यातलं बरंचसं गाडं मंडळाच्या आकड्यापाशी येऊन थांबतं. आणि माळावरचा पाऊस कसा असतो हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. बांधाच्या अलीकडे कोसळतो, पलीकडे धूळ उडत असते.

आता समजा, केंद्रावर ५२ मिलिमीटर लागला आणि आठ किलोमीटर लांबच्या वस्तीवर डाळिंबाच्या बागेत गुडघाभर पाणी साचलं. शेतकरी म्हणतो, "आमच्याकडं ढगफुटी झाली हो!" समोरचा विचारतो, "किती मिलिमीटर?" इथं गप्प बसावं लागतं. फोनमध्ये पावसाचे चार व्हिडिओ असतात, स्टेटसला टाकलेले. मिलिमीटर मात्र कुणीच मोजलेला नसतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडणं होतील. घरच्या पर्जन्यमापकाचा आकडा दाखवला म्हणून विमा कंपनी पैसे देत नाही. सरकारी हिशेब सरकारी यंत्रावरच चालतो. पण दहा वस्त्यांवर, तीन पावसाळे, रोज एकाच वेळी लिहिलेले आकडे हातात असतील, तर 'एक केंद्र एवढ्या मोठ्या पट्ट्याला पुरत नाही' हे म्हणणं आकड्यानिशी मांडता येतं. ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायची योजना केंद्र सरकारनेही आखली आहे. ते आधी कुठं बसावेत, हे सांगायला तरी नोंदी हव्यात ना?

तर अशा नोंदी सामान्य माणसांनी ठरलेल्या पद्धतीने घ्यायच्या आणि त्या विज्ञानाच्या कामी यायच्या, याला म्हणतात सिटिझन सायन्स. मराठीत 'नागरिक विज्ञान' म्हणतात, पण हा शब्द ऐकला की नागरिकशास्त्राचा पेपर आठवतो, म्हणून मी आज 'सिटिझन सायन्स'च म्हणणार आहे.

हे काही परदेशी खूळ नाही. आपल्या जिल्ह्यातच, नगर तालुक्यात, हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० नंतर तिथं पाणलोटाची कामं झाली, हे बहुतेकांना माहीत असतं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा स्टेटसही ठेवले होते सगळ्यांनी. पण माझ्या मते त्या गावाची खरी कमाल बंधाऱ्यांपेक्षा पाण्याच्या ताळेबंदात आहे. गावात पाऊस मोजतात, विहिरींच्या पाण्याची पातळी बघतात, आणि यंदा पाणी किती आहे हे ग्रामसभेत मांडतात. त्यावरून ठरतं की रब्बीला काय घ्यायचं आणि काय नाही. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. ऊस-केळीला बंदी, शेतीसाठी बोअरवेलला बंदी. असे नियम पाळणं किती अवघड आहे, हे ज्याच्या शेजारच्याने बोअर घेतलाय त्याला विचारा. तरी ते टिकले, कारण गावासमोर आकडा होता आणि तो आकडा गावानेच मोजलेला होता. बाहेरच्या साहेबाने सांगितलेला नव्हता.

आता मुद्द्यावर येऊ. हिवरे बाजारचा आकडा कामी आला, कारण त्याला एक घर होतं. तो कुठं लिहायचा, कुणी वाचायचा, पुढच्या वर्षी कुठं शोधायचा, हे ठरलेलं होतं. बाकी बहुतेक ठिकाणी नोंदी होतात, पण बेघर राहतात.

पटत नाही? तुमच्या कॉलेजच्या पर्यावरण विषयाच्या प्रोजेक्टचं काय झालं, आठवा. (तो सीनियरच्या जर्नलवरून उतरवला असेल तर काही झालं नाही तेच बरं.) पण काही जण खरंच ओढ्यावर जातात, झाडं मोजतात, विहिरींना टेप लावतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेला प्रकल्प आलाय, त्याला श्रेयांक आहेत. म्हणजे दरवर्षी एकेका कॉलेजातून परिसराबद्दलचे ढीगभर स्पायरल बाइंडिंगचे रिपोर्ट निघतात. मार्क मिळतात. मग रिपोर्ट विभागाच्या कपाटात जातात, आणि कपाट भरलं की रद्दीत. पुढच्या वर्षीची बॅच तोच ओढा पुन्हा पहिल्यापासून बघते. पाच वर्षांची एक सलग नोंद व्हायची, तिथं एकेका वर्षाचे पाच तुकडे होतात आणि पाचही हरवतात.

याहून मोठं उदाहरण सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती आणि एक 'लोक जैवविविधता नोंदवही' असायला हवी. गावात कोणती झाडं, कोणते प्राणी, कोणतं वाण, कोण काय कशासाठी वापरतं, हे गावकऱ्यांनीच सांगून लिहायचं. ही कल्पना रुजवणाऱ्यांत माधव गाडगीळ यांचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागेल. बरीच वर्षं हे काम रखडलं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि न केल्यास राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरायला लावू, असं बजावलं. झालं! एकदम धावपळ. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच सुमारे २८ हजार. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी बऱ्याच ठिकाणी मदत केली. काही वह्या खरोखर सुंदर झाल्या. काही, आपण समजू शकतो, शेजारच्या गावावरून 'प्रेरणा' घेऊन झाल्या. पण चांगली असो की वाईट, आता ती वही कुठंय? तुमच्या गावची तुम्ही पाहिलीय का?

नोंद घेणारे आहेत, उत्साह आहे, प्रत्येकाच्या खिशात जीपीएस आणि कॅमेरा आहे. नाही तो सांभाळणारा. आणि तालुक्यात असं एकच ठिकाण असतं जिथं पगारी माणसाचं कामच मुळी हे आहे की आलेल्या गोष्टीला नंबर द्यायचा, नाव द्यायचं, जागेवर ठेवायची आणि वीस वर्षांनी कुणी मागितली तर काढून द्यायची. ते म्हणजे कॉलेजचं ग्रंथालय. आपण त्याला परीक्षेच्या आधी एसी-पंख्याखाली बसायची जागा समजतो, हा भाग वेगळा.

युरोपातल्या संशोधन ग्रंथालयांची 'लायबर' नावाची संघटना आहे. तिने २०१८ च्या आपल्या आराखड्यात सिटिझन सायन्स हे ग्रंथालयांचं काम म्हणून मांडलं. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने ग्रंथालयांतून निरीक्षणाचे संच पुस्तकासारखे घरी नेता येतात. हे ऐकून 'तिकडचं वेगळं असतं' असं वाटेल. पण आपल्याकडे याची गरज उलट जास्त आहे. कशी, ते सुप्याच्याच नावावरून सांगतो.

समजा तुम्ही चिंकारा पाहिला, फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'ठिकाण – सुपा'. झालं काम? नाही. कारण सुपं एक नाही. पारनेर तालुक्यातलं आपलं सुपा. बारामती तालुक्यातलं सुपे, ज्याला बरेच जण सुपाच म्हणतात. तिथं मयूरेश्वर अभयारण्य आहे आणि ते चिंकाऱ्यांसाठीच ओळखलं जातं. आणि तिसरं कर्नाटकात, काळी नदीवरचं सुपा धरण. दोन माळ आणि एक घनदाट जंगल. दहा वर्षांनी कुणी संशोधक ही नोंद उघडेल तेव्हा तुमचा चिंकारा कुठं उभा होता, हे त्याला कसं कळणार? त्यात जिल्ह्याचं नाव बदललं. जुना प्रबंध 'अहमदनगर' म्हणतो, नवा फॉर्म 'अहिल्यानगर', आणि बोलताना आपण नुसतंच 'नगर'. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी ठिकाणं वाटतात.

झाडांचं तर आणखी गमतीशीर. आपली बाभूळ. जुन्या पुस्तकात तिचं शास्त्रीय नाव 'अकेशिया निलोटिका'. आजची ॲप्स सांगतात 'व्हॅचेलिया निलोटिका'. माळावर पिवळ्याधमक फुलांनी भरणारा तरवड पूर्वी 'कॅसिया ऑरिक्युलाटा' होता, आता 'सेना ऑरिक्युलाटा'. झाड तेच, पाटी बदलली. आता १९८५ चा प्रबंध आणि २०२५ ची मोबाइलवरची यादी शेजारी ठेवून कुणी म्हणालं, 'अरेरे, चाळीस वर्षांत कॅसिया नष्ट झाला आणि सेना नावाचं नवीन झाड आलं!' हसू नका. यंत्राने याद्या जुळवल्या की अशीच गडबड होते.

ग्रंथपालांना हा प्रश्न नवा नाही. एकाच लेखकाची दोन नावं, एकाच गावाची तीन स्पेलिंग, यासाठीच कार्डांच्या काळापासून 'पाहा' नावाची सोय आहे. 'अहिल्यानगर – अहमदनगरही पाहा.' 'व्हॅचेलिया – अकेशियाही पाहा.' कंटाळवाणं काम आहे. पण तुमची नोंद आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी नोंद यांची गाठ त्यानेच पडते.

आणि जुन्याशी गाठ पडल्याशिवाय नव्याला अर्थ येत नाही. 'विहिरीचं पाणी बदललं', 'पक्षी कमी झाले', 'पाऊस सरकला' असं कुणीही म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: आधी कसं होतं? सुप्यासारख्या गावात, जिथं एका पिढीत माळाची एमआयडीसी झाली, तिथं तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. याचं उत्तर फोनमध्ये नाही, पण लायब्ररीतून सुटू शकतं. १८८४ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १७ वा खंड संपूर्ण अहमदनगर जिल्ह्यावर आहे. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या साइटवर आणि इतर विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर असतात. शोधगंगावर पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत आणि ते बघायला कॉलेजचं ओळखपत्र लागत नाही. फोनवर उघडतात. फक्त काय शोधायचं आणि कोणत्या स्पेलिंगने शोधायचं, हे सांगणारं माणूस लागतं. परत आलोच ग्रंथपालांकडे.

माझा आवडता भाग आता. जुन्या नोंदी फक्त पुस्तकात नसतात. गावात जा, भिंतीवरचं कालनिर्णय बघा. तारखेच्या चौकोनात काय काय लिहिलेलं असतं! दुधाचा हिशेब, गाय लावली ती तारीख, सिलिंडर, आणि 'पाऊस चांगला' किंवा 'मोटर बंद'. काही आजोबा जुनी कॅलेंडरं जपून ठेवतात, काहींच्या वह्या असतात. त्यात मिलिमीटर नसतील. पण पहिला पेरणीजोगा पाऊस कोणत्या दिवशी आला, विहीर कधी आटली, टँकर कधी सुरू झाला, हे असतं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या नोंदी नक्षत्रात असतात: 'मृग कोरडा गेला', 'हस्ताने झोडपलं'. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, तेवढं जुळवता येतं. तिथी लिहिली असेल, तर मात्र त्या वर्षीचं पंचांग लागतं. जुनी पंचांगं कुठं मिळणार? बरोबर.

हे वेडेपण वाटत असेल तर इंग्लंडमधली एक गोष्ट ऐका. मार्च २०२०, लॉकडाउन. तिथल्या हवामान खात्याच्या संग्रहात हाताने लिहिलेले पावसाचे सुमारे ६५ हजार कागद स्कॅन होऊन पडलेले होते. काही नोंदी सतराव्या शतकातल्या. कॉम्प्युटरला ते अक्षर वाचता येत नव्हतं. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक मारली: घरी बसलाय, तर थोडे आकडे टाइप करा. नाव दिलं 'रेनफॉल रेस्क्यू'. १६ हजार लोक आले आणि १६ दिवसांत ५० लाखांहून जास्त आकडे टाइप झाले. एक पान वेगवेगळ्या लोकांकडून टाइप करून घेतलं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यावरून कळते. आज त्यांना जुन्या दुष्काळांबद्दल, अतिवृष्टीबद्दल कितीतरी नेमकं सांगता येतं. यातली एक गोष्ट लक्षात घ्या: लोक १६ दिवसांसाठी आले, पण त्यांना टाइप करायला कागद मिळाले, कारण कुणीतरी ते शंभर-दोनशे वर्षं सांभाळले होते.

आता आपल्याकडचं. कॉलेजच्या ग्रंथालयाने एका रविवारी 'तुमची जुनी वही घेऊन या' असं बोलावणं दिलं, वहीचा फोटो काढून वही लगेच परत दिली आणि मुलांनी ते आकडे एक्सेलमध्ये भरले, तर खर्च चहाचा. वही परत देणं महत्त्वाचं. 'ठेवून जा, बघू' म्हटलं की आजोबा पुन्हा येत नाहीत.

पक्ष्यांच्या बाबतीत आपण पुढे आहोत, अभिमानाने सांगण्यासारखे. 'ई-बर्ड' या ॲपवर लोकांनी टाकलेल्या नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षक, ३ कोटींच्या वर नोंदी, ९४२ जाती. त्यातली एक चिंता आपल्या कामाची आहे: गवताळ माळांवर, मोकळ्या जागेवर राहणारे पक्षी घटताहेत. नगर आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांत मिळून १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य केलं होतं. आता माळढोक दिसला तर बातमी होते. पण माळाला आपण अजूनही 'पडीक' म्हणतो. सातबाऱ्यावर पडीक, तेव्हा तिथं काही नव्हतंच असं धरून चालतो. काही होतं, हे सांगायला नोंद लागते.

दर फेब्रुवारीत 'कॅम्पस बर्ड काउंट' असतो. कॉलेजच्या आवारात पंधरा मिनिटं थांबायचं आणि दिसले ते सगळे पक्षी लिहायचे. सगळे म्हणजे कावळा-साळुंकीसकट. दुर्मिळ तेवढेच लिहिले तर साळुंकी कमी झाली की वाढली, हे कधीच कळणार नाही. दुर्बीण नाही? ग्रंथालयाने दोन दुर्बिणी आणि चार पर्जन्यमापक घेऊन ठेवावेत, कार्डावर द्यावेत. क्रमिक पुस्तकांचा संच देतात तसेच. हरवलं तर दंड, तोही पुस्तकासारखाच.

पर्जन्यमापकाचा विषय निघालाय तर नीट सांगून टाकतो, कारण चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज साडेआठला जे मोजलं, तो काल साडेआठपासूनचा पाऊस. सगळ्यांनी हीच वेळ पाळली तरच आकडे एकमेकांशी जुळतात. मापक उघड्यावर ठेवायचा, झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या दुप्पट तरी लांब. गच्चीवर टाकीला चिकटून ठेवला तर तो पाऊस नाही, टाकीची सावली मोजतो. आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी '०.०' लिहायचं. जागा रिकामी सोडली, तर पाऊस नव्हता की तुम्ही मामाच्या गावाला गेला होतात, हे कुणालाच कळत नाही.

बरं, एक पावसाळा नोंदी घेतल्या. पुढे काय? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या तर फोन बदलला की गेल्या. इथं ग्रंथालयाने दोन कामं करावीत. पहिलं, प्रत्येक नोंदसंचाला एक पान जोडायचं: कुणी मोजलं, कुठं (अक्षांश-रेखांशासकट, तीन सुपांचा घोळ आठवा), कधीपासून कधीपर्यंत, कशाने, आणि मध्ये काय बिघडलं. दुसरं, तो संच अशा जागी ठेवायचा जिथं त्याला कायमचा पत्ता मिळेल. 'झेनोडो' नावाची साइट आहे, 'सर्न' ही युरोपातली मोठी विज्ञानसंस्था ती चालवते, फुकट. तिथं टाकलेल्या फाइलला 'डीओआय' मिळतो, म्हणजे संशोधन निबंधांना असतो तसा ओळखक्रमांक. मग बंगळुरूचा किंवा बर्लिनचा संशोधक तुमच्या वस्तीवरचा पाऊस वापरेल तेव्हा त्याला तुमचं नाव द्यावं लागेल. बायोडेटात लिहिता येईल हो, 'प्रकाशित माहितीसंच'! एफवायच्या पोराला ही काही छोटी गोष्ट नाही.

पण सगळंच उघड टाकायचं नसतं, आणि हेही ग्रंथपालानेच आवरायचं. लांडग्याची घळ, घुबडाची ढोली, तिचं लोकेशन नेटवर टाकणं म्हणजे कॅमेरेवाल्यांना आणि त्याहून वाईट लोकांना पत्ता देणं. चांगली ॲप्स अशा जातींची जागा आपोआप धूसर करतात, पण आपल्या एक्सेलला ती अक्कल नसते. तसंच औषधी वनस्पतींचं. एखाद्या आजीने विश्वासाने सांगितलेला उपाय तिला न विचारता जगाला वाटायचा हक्क आपल्याला नाही. लोक जैवविविधता नोंदवहीतल्या अशा माहितीला कायद्याचंही कुंपण आहे. आणि कुणाच्या विहिरीत किती पाणी आहे, हे गटनंबरासह छापण्याआधी मालकाला विचारलेलं बरं. भावकी काय असते, तुम्हाला माहितीय.

आता अडचण. कॉलेजच्या गेटवर ओळखपत्र मागतात. शेतकरी, गृहिणी, एमआयडीसीत शिफ्ट करणारा मुलगा आत जाणार कसा? बऱ्याच कॉलेजांत ग्रंथपालाचं पद रिकामं, असलाच तर एकटा, आणि त्याच्या माथी नॅकच्या फायली. हे सगळं खरं आहे. म्हणून कॉलेजने एकट्यानेच सगळं करावं असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, गावोगावी. मापक आणि वही वाचनालयात, तपासणं आणि जपणं कॉलेजच्या ग्रंथालयात, अशी वाटणी झाली तर गेटचा प्रश्नच येत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठवड्याचा आकडा लिहिला, तर मोजणाऱ्याला हुरूपही राहतो. फळा रिकामा दिसला की लोक विचारतात, "का रे, या आठवड्यात झोपला होतास काय?"

तुम्ही विद्यार्थी असाल, तर या आठवड्यात लायब्ररीत जाऊन दोन प्रश्न विचारा. आपल्या कॉलेजचे गेल्या दहा वर्षांचे फील्ड रिपोर्ट कुठं आहेत? आणि आपल्याकडे 'एन-लिस्ट' चालू आहे का? (अनुदानित कॉलेजांना ई-पुस्तकं आणि जर्नल्स मिळवून देणारी ही सरकारी सोय आहे. पासवर्ड ग्रंथपालांकडे असतो आणि बहुतेक वेळा मागायला कुणी येतच नाही.) विद्यार्थी नसाल, तर ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता नोंदवही बघायला मागा. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, इथपासून सुरुवात होईल, पण मागा.

पुढच्या भागात विहिरींबद्दल बोलू. भूजल सर्वेक्षण विभागाची माणसं वर्षातून चारदा येऊन ठरावीक विहिरींची पातळी मोजतात. तुमच्या गावात अशी विहीर कोणती, हे तोपर्यंत शोधून ठेवा आणि कमेंटमध्ये कळवा. लिहिताना तालुका टाका फक्त. नुसतं 'सुपा' लिहिलं तर मी परत विचारणार, कुठलं?